रंग नंतर, आधी पत्रा

गेल्या अंकात बिझनेस जेटच्या केबिनमधल्या गालिचे-खुर्च्यांबद्दल लिहिताना मी शेवटी एक ओळ टाकली होती : बाहेरच्या रंगाबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर लिहा. संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवला. मी या धंद्यात आलो तो स्प्रे गन हातात धरून, पुढे पेंट हँगरचा सुपरवायझर झालो, आणि आता मालकांच्या वतीने रंगवलेली विमानं ताब्यात घेण्याआधी तपासतो. त्यामुळे काम करणाऱ्यांच्या सबबी आणि करवून घेणाऱ्यांची घाई, दोन्ही माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या कंपनीच्या मध्यम आकाराच्या जेटसाठी दोन कोटेशन आली आहेत. एक पेंट शॉप म्हणतं, जुना रंग पूर्ण काढू. दुसरं म्हणतं, तो घट्ट आहे, घासून त्यावरच नवा मारू. वेळ आणि पैसा दोन्ही बरंच वाचेल. कुणाचं ऐकावं? — एक विमान व्यवस्थापक

दोघंही खरं बोलत असतील. तुमच्या विमानावर आत्ता काय आहे, यावर सगळं ठरतं, आणि ते कोटेशन वाचून कळत नाही. मोजावं लागतं. ॲल्युमिनियमवरच्या रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये दाखवणारं, हातात मावणारं मीटर कुठल्याही बऱ्या पेंट शॉपकडे असतं. प्रायमर, म्हणजे पत्र्यालगतचा पहिला थर, साधारण १५ ते २५ मायक्रॉन, त्यावरचा पॉलियुरेथेन टॉपकोट ५० ते ७५, वर पारदर्शक क्लिअरकोट असेल तर आणखी थोडं. धड, पंख, शेपूट, दरवाजे अशा वेगवेगळ्या ठिकाणी मोजायला लावा आणि आकडे लिहून घ्या. सगळीकडे शंभर-दीडशेच्या आसपास भरलं, तर एकदाच मारलेला रंग आहे असं धरायला हरकत नाही. अडीचशे-तीनशे भरलं, तर आधीही कुणीतरी वरच्यावर काम उरकलं आहे आणि तुम्ही आता तिसरा मजला चढवायला निघाला आहात.

नवा रंग कितीही उत्तम असला तरी त्याला आधार सगळ्यात खालच्या थराचा. तो सुटला की वरचे सगळे थर घेऊन सुटतो, आणि सुरुवात हमखास रिव्हेटच्या डोक्यांवरून आणि पॅनेलच्या कडांवरून होते, कारण उड्डाणात पत्रा तिथेच सर्वांत जास्त हलतो. म्हणून दुसरी चाचणी पकडीची. सहज दिसणार नाही अशा जागी ब्लेडने बारीक चौकटी कापायच्या, वर चिकटपट्टी दाबायची आणि झटक्यात ओढायची. कापताना ब्लेड रंगातच थांबलं पाहिजे, पत्र्याला लागता कामा नये. पट्टीबरोबर चौकटी निघून आल्या, तर ‘घट्ट आहे’ हा दावा तिथेच संपतो.

वजनाचाही हिशेब करा. १०० मायक्रॉन वाळलेला रंग दर चौरस मीटरला साधारण दीडशे ग्रॅम भरतो. रंगवायचं क्षेत्र २०० चौरस मीटर धरलं तरी ३० किलो झाले, आणि ते विमान प्रत्येक उड्डाणात वाहणार.

रंगाचा इतिहास कागदोपत्री आहे, थर एकच आहे, पकड चांगली आहे आणि विमान लवकरच विकायचं आहे, अशा वेळी घासून वर मारणं मी समजू शकतो. मात्र खरेदीदाराला ते सांगा. एरवी मी पूर्ण काढायच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण रंगाशी फारसं संबंधित नाही. वरच्यावर रंगवलेल्या विमानाचा पत्रा तुम्हाला बघायलाच मिळत नाही.

प्रश्न : रंग काढतात तेव्हा नेमकं काय चालतं? आम्हाला पेंट शॉप ‘शेवटच्या दिवशी या’ म्हणतं. मध्ये कधी जाऊन काही उपयोग आहे का? — एका विमानमालकाचे प्रतिनिधी

शेवटच्या दिवशी सगळीच विमानं सुंदर दिसतात. एकच फेरी शक्य असेल, तर रंग पूर्ण उतरून पत्रा उघडा पडतो त्या दिवशी जा.

त्याआधीचं काम कंटाळवाणं असतं आणि तिथेच बरंच काही बिघडू शकतं. पहिले काही दिवस रंगाला कुणी हात लावत नाही, फक्त झाकाझाकी चालते. खिडक्या ॲक्रिलिकच्या असतात. स्ट्रिपरचा, म्हणजे रंग सैल करणाऱ्या रसायनाचा, थेंब नुसता झिरपला तरी त्यांत बारीक चिरांचं जाळं पडतं आणि ती खिडकी गेली. म्हणून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, त्यावर प्लास्टिक, कडेला पुन्हा पट्टी. लँडिंग गिअर गुंडाळायचं, कारण काही स्ट्रिपर आम्लयुक्त असतात आणि उच्च ताकदीच्या पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं. पिटो ट्यूब आणि स्टॅटिक पोर्ट (वेग आणि उंची मोजण्यासाठी हवेचा दाब घेणारी नळी आणि छिद्रं), इंजिनांची तोंडं, टाक्यांचे व्हेंट, अँटेना, पंखाच्या कडेवर बर्फ झाडणारे रबरी बूट असतील तर तेही, सगळं झाकायचं. रेडोम (नाकावरचं रडारचं आवरण), विंगलेट (पंखाचं वर वळलेलं टोक), फेअरिंग (सांधे झाकणारी आवरणं) असे काँपोझिटचे, म्हणजे तंतू आणि रेझिन (राळ) यांपासून बनवलेले, भाग काढून तरी ठेवतात नाहीतर झाकतात. ते नंतर हाताने घासायचे असतात.

मग दाट जेलसारखा स्ट्रिपर मारतात. पूर्वी मिथिलीन क्लोराइडचे स्ट्रिपर सर्रास चालत. मिनिटांत रंगाला सुरकुत्या पडायच्या, फुगे यायचे. पण ते माणसालाही तितक्याच वेगाने बाधतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये त्याचे बहुतेक वापर बंद केले. विमानाच्या सुरक्षिततेशी निगडित काही भागांना कडक अटींवर सवलत आहे. आता बेंझिल अल्कोहोलवर आधारित स्ट्रिपर वापरतात, बऱ्याचदा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोडीने. त्यांना तास लागतात, कधी रात्रभर ठेवावं लागतं, आणि हँगर थंड असेल तर ते ढिम्म बसून राहतात. रंग सैल झाला की प्लास्टिकच्या किंवा रबरी पट्टीने ओढून काढायचा आणि पाण्याने धुऊन टाकायचा. हट्टी जागांवर पुन्हा एक हात.

इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा : कुणाच्या हातात लोखंडी खरवडणी किंवा स्टील वूल आहे का? सांध्यातलं जुनं सीलंट धारदार हत्याराने काढताना पत्र्यावर उमटलेली केसाएवढी रेघ रंगाखाली झाकली जाते, आणि केबिनमध्ये दाब भरून-उतरून पुढे तिथूनच भेग सुरू होऊ शकते. स्टील वूलचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि गंजाला निमंत्रण देतात. शिवाय बहुतेक पत्रे ‘अलक्लॅड’ असतात. म्हणजे मजबूत मिश्रधातूच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर, तोच आतल्या धातूचं गंजापासून रक्षण करतो. १ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर हा थर साधारण ५० मायक्रॉनचा असतो. सँडर हातात घेऊन उत्साहाने चालवणारा माणूस तो दुपारपर्यंत उडवू शकतो.

उघड्या पत्र्यावर काय बघाल? रिव्हेटभोवती पांढुरकी पूड. रंगाखाली अळीने वाट काढावी तसे वेडेवाकडे बारीक माग. हा फिलिफॉर्म गंज. जुन्या डागडुजीवर भरलेलं फिलर. पूर्वी कुणी गंज घासून खळगा केला असेल तर त्याची नोंद लॉगबुकात आहे का, तेही पाहा. गंज सापडला तर पेंट शॉपला घाई करू नका. तो काढून उरलेली जाडी मोजावी लागते, आणि ती निर्मात्याच्या दुरुस्ती पुस्तिकेतल्या मर्यादेत बसते की नाही हे इंजिनियर ठरवतो. रंगकामाचं वेळापत्रक कोलमडतं ते बहुधा इथेच. मी तर दर वेळी वेळापत्रकात या शोधासाठी मोकळे दिवस ठेवायला सांगतो, आणि दर वेळी कुणीतरी ते खोडतं.

यानंतर पत्रा स्वच्छ करून रासायनिक लेप देतात. जुनी पद्धत क्रोमेटची, सोनेरी झाक येणारी, नवी सोल-जेल. त्याआधी एक साधी चाचणी असते, ती जरूर बघून या. पत्र्यावर पाणी सोडायचं. पाण्याचा पडदा सलग राहिला तर पत्रा स्वच्छ. कुठे फाटून थेंब झाले, तर तिथे अजून तेलकटपणा आहे आणि तिथूनच पुढे रंग सुटणार. या चाचणीनंतर उघड्या हाताने पत्र्याला स्पर्श करणाऱ्या पाहुण्याला मी हँगरबाहेर काढलेलं आहे, तो मालक असला तरी.

प्रश्न : आमच्या विमानाचं धड कार्बन फायबरचं आहे. पेंट शॉप म्हणतं, स्ट्रिपर चालणार नाही, हाताने घासावं लागेल, म्हणून मजुरी जास्त. हे खरं की बिल फुगवणं? — एक वाचक

खरं आहे. होंडाजेट किंवा प्रीमियर वन यांसारख्या विमानांचं धड काँपोझिटचं आहे. स्ट्रिपरला रंगातलं रेझिन आणि धडातलं रेझिन यांत फरक कळत नाही. तो दोन्ही मऊ करतो. म्हणून थर थर घासत प्रायमरपर्यंत जायचं आणि तिथे थांबायचं. थांबणं हेच कौशल्य. काँपोझिटवर वरच्या बाजूला वीज वाहून नेणारी तांब्याची बारीक जाळी असते. घासणाऱ्याच्या हातून ती उघडी पडली किंवा कापली गेली, तर वीज पडल्यावर तिला मार्ग उरत नाही. उलट बाजूने, जाळीवर रंगाचे थर चढवत गेलात तरी नुकसान वाढतं : वीज एका जागी खिळून राहते आणि तिथलाच भाग जास्त जळतो. म्हणून या विमानांना निर्मात्याने रंगाच्या जाडीची कमाल मर्यादा घालून दिलेली असते. ‘वरच्यावर एक हात मारून टाकू’ हा सल्ला इथे सर्वांत धोक्याचा.

आणि काँपोझिटवर ॲल्युमिनियमसाठीचं मीटर चालत नाही, अल्ट्रासॉनिक लागतं. पेंट शॉपला ते त्यांच्याकडे आहे का, एवढं विचारा. उत्तराला वेळ लागला, तर मजुरीपेक्षा त्याची काळजी करा.

प्रश्न : साहेबांना पूर्ण काळं विमान हवंय. दिसेल झकास, पण काही अडचण? — नाव न छापण्याची विनंती

विनंती मान्य. गडद रंगाचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९९६ मध्ये पेप्सीच्या जाहिरातीसाठी निळं रंगवलेलं एअर फ्रान्सचं काँकॉर्ड. पंख पांढरेच ठेवले होते, तरीही दुप्पट ध्वनिवेगाने २० मिनिटांपेक्षा जास्त उडू नये असा सल्ला होता, कारण काँकॉर्डचा पांढरा रंग उष्णता बाहेर टाकण्यासाठी होता. तुमचं जेट त्या वेगाने जात नाही. वर हवा इतकी थंड असते की रंगाने तिथे काही बिघडत नाही. प्रश्न जमिनीवर उन्हात उभ्या विमानाचा आहे. काळा पत्रा पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो. धातूचं विमान ते सहन करतं, केबिन थंड करायला वेळ लागतो एवढंच. काँपोझिट असेल तर रेझिनची ताकद तापमानाबरोबर घटते, म्हणून निर्माता कोणते रंग चालतील याची यादी देतो. त्या यादीबाहेर जाऊ नका.

बाकी अडचणी दिसण्याच्या. काळ्यावर प्रत्येक ओरखडा, पत्र्याची प्रत्येक लाट आणि धुतल्यानंतरचा पाण्याचा प्रत्येक डाग दिसतो. धातूचे कण असलेला मेटॅलिक रंग घेतलात तर पुढे एका पॅनेलची दुरुस्ती जुळवणं रंगाऱ्याचा घाम काढतं. आणि असा रंग रेडोमवर मारायचा नाही. मागे बसलेल्या हवामान रडारला पलीकडचं दिसायला हवं. साहेबांना खालचा भाग गडद आणि वरचा पांढरा असा आराखडा दाखवून पाहा. पोटाला तेलाचे आणि धुराचे डाग पडतात, ते गडदवर लपतात. पाठीला ऊन लागतं, ती पांढरी बरी.

प्रश्न : माझा मुलगा विमानाच्या पेंट हँगरमध्ये कामाला लागला आहे. घरी आला की कपड्यांना वास येतो. काळजी करावी का? — एक आई

ताई, काळजी वासाची कमी आणि बिनवासाची जास्त करा. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते वासाने कळेपर्यंत हवेतलं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या पुढे गेलेलं असतं. एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली, तर पुढे किंचितशा संपर्कानेही दम्याचा झटका येतो आणि त्या माणसाला हा धंदा सोडावा लागतो. माझ्या बरोबरीचे चांगले हात असे गेले आहेत. म्हणून फवारणी करताना बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा, नुसता कापडी नाही. आणि दाढी राखली असेल तर चेहऱ्याला घट्ट बसवायचा मास्क नीट बसत नाही, हे त्याला आईनेच सांगितलेलं बरं.

जुन्या प्रायमरची पूड त्याहून वाईट. त्यात क्रोमेट असतं आणि ते कर्करोगकारक आहे. ती पूड कोरडी झाडायची नसते. शोषून घेणाऱ्या यंत्राने किंवा ओल्याने काढायची असते. कामाचे कपडे घरी येऊ नयेत, तिथेच बदलून यावेत. मालक धुलाईची सोय करत नसेल तर ती मागणं गैर नाही. हातमोजे कोणते, हेही विचारायला सांगा. साधे नायट्रिलचे मोजे मिथिलीन क्लोराइड काही मिनिटांत पार करतं. शेवटचं, कामाच्या सुरुवातीलाच फुप्फुसांची चाचणी करून अहवाल जपून ठेवावा. पुढे तुलना करायला काहीतरी हातात लागतं.

प्रश्न : रंगवून आलेलं विमान पहिल्यांदा उडवण्यापूर्वी वैमानिक म्हणून मी फेरी मारताना नेहमीपेक्षा वेगळं काय बघू? — एक वैमानिक

सर्वांत आधी स्टॅटिक पोर्ट, हात लावून. २ ऑक्टोबर १९९६ ला एरोपेरूचं बोइंग ७५७ लिमाहून निघालं. धुण्या-चकाकवण्याच्या कामात स्टॅटिक पोर्टवर लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली होती. रात्रीची वेळ, खाली समुद्र, उंची आणि वेगाचे आकडे खोटे. विमानातले सर्व ७० जण गेले. ते विमान फक्त धुतलं होतं. रंगवलेल्या विमानावर तर शेकडो पट्ट्या लागलेल्या असतात. चांगलं पेंट शॉप झाकलेल्या प्रत्येक छिद्राची यादी ठेवतं आणि काढल्यावर सही घेतं. ती यादी मागा.

पट्टी निघाली म्हणून काम संपत नाही. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात विमानांमध्ये फक्त १,००० फुटांचं अंतर असतं, म्हणून तिथे उंचीमापकाच्या अचूकतेला फार महत्त्व. स्टॅटिक पोर्टभोवतीचा ठरावीक भाग गुळगुळीत असावा लागतो. तिथे रंगाची कड, ओघळ किंवा सजावटीची पट्टी आली असेल तर उडू नका, आधी निर्मात्याच्या मर्यादांशी ताडून घ्या. हौशी डिझायनर नेमकी तिथूनच रेघ ओढतात.

दुसरं, कंट्रोल सरफेस, म्हणजे विमानाची दिशा आणि कल बदलणारे हलते भाग. एलिव्हेटर, एलेरॉन, रडर यांच्या बिजागरीच्या मागे रंगाचं वजन वाढलं की तोल मागे झुकतो आणि वेगात फ्लटर, म्हणजे आवरता न येणारी थरथर, सुरू होण्याचा धोका असतो. फ्लटरमध्ये शेपूट तुटायला काही क्षण पुरतात. म्हणून रंगवल्यावर त्यांचा तोल निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे तपासून नोंदवावा लागतो. विमानाशेजारी उभं राहून हे दिसत नाही. कागद बघायचा, आणि त्यात प्रत्येक भागाचा आकडा हवा. नुसतं ‘तपासलं, ठीक आहे’ असेल तर परत पाठवा.

मग किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी : पोटाखालची पाणी निचऱ्याची छिद्रं रंगाने बुजली आहेत का, इंधन टाकीचे व्हेंट मोकळे आहेत का, स्टॅटिक विक (विमानावरची स्थिर वीज हवेत सोडणाऱ्या कांड्या) जागेवर आहेत का, अँटेना उगाच रंगवल्या आहेत का. बिजागऱ्यांचं ग्रीस धुऊन निघालेलं असतं, नवं भरल्याची नोंद बघा. बाहेरून उघडणाऱ्या आपत्कालीन दरवाजांभोवतीची वेगळ्या रंगाची चौकट आणि सूचना परत आल्या आहेत का, तेही बघा. नोंदणी अक्षरांची उंची आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे धडावर आणि उभ्या शेपटीवर किमान ३० सेंटिमीटर, पंखावर किमान ५०. डिझायनरला ती नेहमी छोटी हवी असतात.

प्रश्न : विमानं नुसती चकाकत्या धातूचीच का ठेवत नाहीत? रंगाचं वजन वाचेल. — एक विद्यार्थी

ठेवत असत. अमेरिकन एअरलाइन्सची चंदेरी विमानं अनेक दशकं अशीच उडत होती. पण उघडा पत्रा चकाकत ठेवायला सतत पॉलिश लागतं, आणि ती मजुरी वाचलेल्या इंधनाला भारी पडते. शिवाय काँपोझिटला चकाकायला धातूच नाही. त्यांच्या ताफ्यात काँपोझिटची बोइंग ७८७ यायची होती, त्याआधीच, २०१३ मध्ये, त्यांनी रंग स्वीकारला. तरी बिझनेस जेटच्या पंखाची पुढची कड आणि इंजिनाच्या तोंडाची कड अनेकदा उघडीच असते, ती बघ. तिथे पाऊस आणि वाळू रंग टिकू देत नाहीत.

प्रश्न : रंगवल्यानंतर धुणं आणि पॉलिश कधी सुरू करावं? — अनेक वाचक

हाताला वाळलेला वाटणारा पॉलियुरेथेन आतून कडक व्हायला साधारण आठवडा घेतो, गारव्यात जास्त. पहिले दोन-तीन दिवस पावसातून उडू नका. पहिला आठवडा धुऊ नका, नंतर सौम्य साबण आणि भरपूर पाणी, ब्रश नको, दाबाची नळी सांध्यांवर नको. वॅक्स किंवा पॉलिशसाठी रंगाच्या उत्पादकाने दिलेली मुदत पाळा. ती आठवड्यांत नाही, बहुधा महिन्यांत असते. सिलिकॉन असलेलं पॉलिश तर आणूच नका. पुढे कुठे डागडुजी करायची वेळ आली की त्या जागेवर नवा रंग माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पाडतो, आणि मग ते पॅनेल पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. इंधन किंवा हायड्रॉलिक तेल सांडलं तर मात्र मुदत बघत बसू नका, लगेच पुसा.